चावल पास होईपर्यंत

लग्न होऊन बाळापूरला आल्याच्या आठव्या दिवशी उज्मानं उकळत्या भातात पळी घातली आणि गरागरा फिरवली. तिच्या मते यात वावगं काहीच नव्हतं. मूर्तिजापूरजवळच्या खेड्यातली ती मुलगी, बारा महिने ज्वारी खाऊन वाढलेली. ज्वारीच्या कण्या शिजताना पळी थांबली की बुडाला लागतं, एवढं तिला आईनं शिकवलेलं. तांदूळ त्या घरात दोन ईदांना यायचा आणि तोही कण्यांसारखाच घोटला जायचा, आणि सगळे बोटं चाटत खायचे. त्यामुळे सासऱ्याच्या अंगणात पळी फिरवताना आपण अगदी मन लावून काम करतो आहोत, अशीच तिची समजूत होती.

सासरा म्हणजे कुर्बान उस्ताद. बाळापूरपासून अकोल्यापर्यंत शादी कुणाचीही असो, दालचा-खाना त्यांच्या हातचा. खाना म्हणजे मोकळा पांढरा भात आणि दालचा म्हणजे दुधी घातलेलं आंबट, मसालेदार वरण. हे दोन्ही पानात पडल्याशिवाय लग्न लागलं असं तिकडचे पाहुणे मानत नाहीत. उस्तादांनी सुनेच्या हातातली पळी काढून घेतली. ओरडले नाहीत. ओरडून मोकळे झाले असते तर बरं झालं असतं, असं उज्माला पुढं चार वर्षं वाटत राहिलं.

“दुल्हन,” ते म्हणाले, “मसाल्यात चूक लपते. चावलात लपत नाई. म्हनून पयले चावल. चावल पास झाला का मंग मसाला.”

खरं तर हे शिकायचं होतं त्यांच्या मुलानं. पण अफनानला चुलीपाशी उभं राहायचा जन्मजात कंटाळा, आणि लग्नानंतर वर्षाच्या आत त्यानं अमरावतीजवळ नांदगाव पेठेच्या कापड गिरणीत नोकरी धरली. उस्तादांच्या हाताखालची माणसंही एकेक करून पुण्याला, सुरतेला निघून गेली. शेती बसली की गावात आधी माणसं कमी होतात आणि मग कामं, हे तिकडं सगळ्यांनी पाहिलेलं आहे. सासू लग्नाआधीच अल्लाला प्यारी झालेली. उरली कोण, तर सून. कनातीचा आडोसा लावून चुलीवर बाईमाणूस उभं करायला उस्तादांना पहिल्यांदा फार जड गेलं. नंतर तेही अंगवळणी पडलं.

आता उस्तादांचा चावल म्हणजे काय प्रकार होता तेही ऐका. भंडाऱ्याकडचा जुना तांदूळ अर्धा तास भिजवायचा. मोठ्या देगेतलं पाणी खळखळा उकळलं की त्यात पशानं मोजून मीठ, चिमटीनं शहाजिरं. तांदूळ सोडला की हात बांधून उभं राहायचं, आणि हेच सगळ्यात अवघड, कारण हात शिवशिवतात. मग झाऱ्यावर चार दाणे घेऊन एक दाणा अंगठा आणि बोट यांच्यात दाबायचा. आत जो टणक ठिपका लागतो ती कणी. दोन कण्या लागल्या तर थांबायचं. एकच उरली की क्षणाचाही उशीर न करता सगळा भात झाऱ्यानं टोपल्यात उपसायचा, पुन्हा देगेत थर लावायचा, झाकण कणकेनं बंद करायचं आणि वर निखारे ठेवायचे. ती शेवटची कणी वाफेवर जिरते. उपसायला उशीर झाला की लगदा, घाई झाली की पाहुण्यांच्या दातांत खडे.

आणि हे सगळं नुसत्या बोटांवर. पाहुण्यांच्या तोंडी पडायच्या आधी भट्टीवरचं अन्न जिभेला लावायचं नाही, हा त्या घराण्याचा कायदा. उस्तादांनी बापाच्या मरणाच्या वेळी त्याची शपथ घेतलेली. त्यामुळे दाणा चावून बघू म्हटलं तर तीही सोय नाही.

उज्मा शिकली. रडत, हात भाजून घेत, देगा घासत शिकली. दीड वर्षात तिच्या बोटांना कणी अशी कळायला लागली की झारा वर आला की दाणा दाबायच्या आधीच तिला अंदाज यायचा. लोक टोपलं पाहून म्हणायचे की दाण्याला दाणा लागलेला नाही. फक्त उस्ताद तसं म्हणायचे नाहीत. कधी अर्धी कणी जास्त राहिली, कधी पाणी खारं झालं, कधी दाणा लांब झाला पण त्यात जीव नाही. जीव नाही म्हणजे काय, हे विचारायची सोय नव्हती. “अजून पास नाई,” एवढं बोलून ते पालथ्या घमेल्यावर जाऊन बसायचे.

मसाल्याची लोखंडी पेटी त्यांच्या खोलीत. दर जुम्मेरातीला, म्हणजे गुरुवारी, दार लावून ते मसाला कुटायचे आणि उज्मा बाहेर ओट्यावर तांदूळ निवडत बसायची. दाराच्या फटीतून वास यायचा. धने, दगडफूल, जायपत्री, कबाबचिनी, नागकेशर, एकेकाचं नाव तिनं वासावरून ओळखून ठेवलं होतं. पण माप वासावरून कळत नाही. कुटलेलं कधी दालच्यात, कधी मटणाच्या कोरम्यात पडायचं आणि त्या देगेपाशी तिला उभं राहू द्यायचे नाहीत. स्वतःच्या घरात ती परक्यासारखी वास घेत बसायची, आणि याचा तिला इतका संताप यायचा की निवडलेल्या तांदळात कधी कधी पुन्हा खडे पडायचे.

यात तिचं अडलं होतं काय? नांदगाव पेठ अडलं होतं.

अफनाननं तिकडं भाड्यानं खोली घेतली होती. एका बकरी ईदला चार दिवस ती तिथं राहून आली. पत्र्याची खोली, रस्त्याकडं उघडणारं दार, दोन शेगड्यांचा गॅस. त्या चार दिवसांत तिनं दोन माणसांचा स्वयंपाक केला. दोन माणसांचा! एवढंसं पातेलं, चमचाभर तेल, नवऱ्यानं आज काय करायचं म्हणून विचारणं, हे तिनं आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. परत आल्यावर दोनशे माणसांची देग घासताना ती त्या पातेल्याला आठवून रडली, आणि कुणाला सांगितलं असतं तर लोक हसले असते म्हणून कुणाला सांगितलंही नाही.

गिरणीतल्या परगावच्या पोरांना डबे लागत होते. डबे सुरू झाले की दोघांचं भागेल, मग तू इकडंच ये, असं अफनानचं गणित. पण नुसत्या भाताचा डबा कोण घेणार? मसाला हातात हवा. उस्तादांचंही म्हणणं होतं की शिकून खुशाल जा, अर्धवट शिकून माझं नाव घालवू नको. म्हणजे चावल पास झाला तर मसाला, मसाला आला तर खोली. सगळं त्या एका दाण्यावर येऊन थांबलेलं, आणि दाणा काही पास होत नव्हता.

दोन वर्षांपासून उस्तादांनी आणखी एक छळ सुरू केला होता. झाऱ्यावरचा एक दाणा ते स्वतः घ्यायचे, एक तिला द्यायचे आणि विचारायचे, “बोल, किती कनी?” तिनं सांगायचं. मग ते आपला दाणा जरा वेळ चोळायचे आणि म्हणायचे, काढ. शाळेतल्या पोरीसारखं रोज पाढे म्हणायला लावतात, असं तिला वाटायचं. इतकी वर्षं झाली तरी म्हाताऱ्याचा विश्वास नाही.

दरम्यान दिवस आणखी वाईट आले. सलग दोन वर्षं सोयाबीननं दगा दिला, कपाशी बोंडात सुकली. कोरम्याची ऑर्डर कुणी देईना. घरचं लग्न घरी करायची ऐपत असलेली माणसंही सामूहिक विवाहात नाव नोंदवायला लागली. एका मांडवात निकाह, शेजारच्या मांडवात मंगलाष्टका, आणि जेवण सगळ्यांना एकच. मसाल्याची पुरचुंडी दर हंगामाला लहान होत गेली आणि भाताच्या देगा वाढत गेल्या. उज्माच्या कामाला तेवढा अंत नव्हता.

सोळा सालच्या एप्रिलमध्ये तालुक्यातल्या एका शाळेच्या मैदानावर असंच सामूहिक लग्न होतं. एकेचाळीस जोडपी. समितीचा अध्यक्ष जानराव, शेतकरी माणूस, दहा एकर काळी जमीन आणि लाउडस्पीकरची गरज न पडणारा आवाज. स्वयंपाकासाठी तो उस्तादांवर अडून बसला होता, कारण आधीच्या लग्नात त्याच्या साडूनं हा भात खाल्ला होता. भाताच्या पाच देगा लागणार होत्या.

आदल्या दिवशी उज्मानं अफनानला फोन करून बोलावून घेतलं. दुपारपर्यंत ये, म्हणाली, मी सामान बांधून ठेवते, उद्या काय तो निकाल लावते. एवढं धाडस कुठून आलं ते तिलाही कळलं नाही. रात्री तिनं खरोखर ट्रंक भरली.

पहाटेपासून भट्ट्या पेटल्या. पहिल्या दोन देगा नेहमीसारख्या उतरल्या आणि नेहमीसारखाच निकाल लागला, की अर्धी कणी जास्त. उज्मानं दातांवर दात दाबले. तिसऱ्या देगेचा भात वर आला, उस्तादांनी झाऱ्यावरचा दाणा उचलला, एक तिच्या हातावर ठेवला.

“बोल, किती कनी?”

दाण्यात दोन कण्या होत्या. चांगल्या टणक. आणि उज्माच्या मनात आलं की आज खोटं बोलावं. चार वर्षं हा माणूस माझ्या खऱ्यात चूक काढतो, आज खोट्यातली काढून दाखवू दे.

“एक,” ती म्हणाली.

उस्तादांनी आपला दाणा अंगठ्याखाली चोळला. पुन्हा चोळला. डोळे बारीक केले. मग म्हणाले, “काढ.”

तिनं झारा हलवला नाही. कच्चा भात उपसला तर शेकडो पानांत कच्चा जाणार होता. उस्ताद चिडून म्हणाले की काढ म्हटलं ना, बहिरी झाली का. तेव्हा ती त्यांच्या जवळ गेली आणि हळूच म्हणाली, “अब्बा, दोन हायत. मी खोटं बोलली.”

म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. त्यांनी दुसरा दाणा घेतला, मग तिसरा, मग डाव्या हातानं. शेवटी दाणे तसेच जमिनीवर टाकले आणि घमेल्यावर बसले. तोपर्यंत एकच कणी उरली, उज्मानं देग एकटीनं उपसली, थर लावला आणि झाकण बंद केलं.

मग त्यांनी सांगितलं. शुगर होती, ती बोटांत उतरली. अकोल्याच्या डॉक्टरनं डोळे मिटायला सांगून बोटाला सुई टोचली होती आणि विचारलं होतं, कळलं का. “मले वाटलं त्यानं टोचलीच नाई,” उस्ताद म्हणाले. याला दोन वर्षं होऊन गेली. तेव्हापासून ते रोज तिला विचारत होते आणि ती परीक्षा समजून उत्तर देत होती. “तुले पास कसं करू दुल्हन? मले समजतच नव्हतं. अन् तू गेली असती तं पयल्याच देगेत माही इज्जत गेली असती.”

उज्माला वाटलं आता आपल्याला खूप राग येईल. आलाही. दोन वर्षं! दोन वर्षांपूर्वीच ती पास झाली होती आणि पत्र्याच्या त्या खोलीत दोन माणसांचं कालवण करत असती. पण समोर बसलेला माणूस आपली दहा बोटं मांडीवर अशी ठेवून बसला होता की जणू ती त्याची नाहीतच. त्याचा रागही धड करता येईना. कोणाले सांगू नको, एवढंच ते म्हणाले, आणि ती हो म्हणाली.

अफनान बारा वाजता आला. पहिली पंगत बसलेली, जानराव भाताचं कौतुक करायला कनातीच्या आत डोकावलेला, आणि त्याच्यासमोरच अफनाननं बायकोला विचारलं की काय झालं, सामान कुठंय. उज्मानं सासऱ्याकडं पाहिलं. ते खाली पाहत होते. खरं सांगितलं तर उस्ताद संपले. पास झाले म्हटलं तरी तेच, कारण ती गेली की पुढच्या लग्नात सगळ्या गावासमोर लगदा होणार. सुटायचा एकच रस्ता होता आणि तो या म्हाताऱ्याच्या छातीवरून जात होता.

“अजून शिकून राहिली मी,” ती म्हणाली. “उन्हाया होऊ द्या. मंग पाहू.”

अफनाननं मान डोलावली. तेव्हा उस्ताद घमेल्यावरून उठले. उठायला त्यांना वेळ लागला. जानरावसमोर येऊन ते उभे राहिले.

“खोटं बोलून राहिली पोरगी. चावल तिचा पास हाय. दोन वर्सं झाले पास हाय. माह्या बोटाले कनी लागत नाई जानरावभाऊ, आंधये झाले माहे बोटं. आजचा समदा चावल तिचा हाय. तिले जायाचं तं जाऊ द्या.”

त्यांनी कमरेची चावी सोडली आणि सुनेच्या हातात ठेवली. मसाल्याच्या पेटीची चावी. मापं तुला घरी जाताना वाटेत सांगतो, म्हणाले. उज्माला रडू कोसळलं. चार वर्षं ज्याची वाट पाहिली ते सगळं एका वाक्यात मिळालं होतं, आणि ते देणारा माणूस स्वतःला चारचौघांत उघडा करून उभा होता. तिनं वाकून त्यांचे हात धरले. त्या क्षणी ती खरंच सुटली होती, हे नोंदवून ठेवायला हवं, कारण तो क्षण फार टिकला नाही.

जानराव मोठ्यांदा हसला. वाईट हसला नाही, अगदी मनापासून हसला. मोठ्या मनाचा माणूस तो, आणि मोठ्या मनाची माणसं समोरच्याला विचारायचं विसरतात.

“हात्तिच्या! मले वाटलं का झालं. अवो मंग सोप्पं झालं ना! उस्ताद, तुमी खुर्चीवर बसा आरामात. पातूरचं लगन हाय, तेल्हाऱ्याचं हाय, आपलं इथलंच मे महिन्यात दुसरं. समदं बाईच्या नावानं लिवतो. आजपासून बाईच उस्ताद. असा चावल या जिल्ह्यात कोनाले येते?”

उज्मानं डोळे पुसले आणि नवऱ्याकडं पाहिलं. आता तो बोलेल, तिला वाटलं. माझी बायको माझ्याबरोबर चालली आहे, एवढंच तर बोलायचं होतं.

अफनानचा चेहरा फुलला होता. तो घाईघाईनं बोलायला लागला. गिरणीत पाळ्या कमी झाल्यात, महिन्यातून दहा दिवस बसून काढतो, तुला सांगितलं नाही कारण तुला काळजी वाटेल. मी कधीपासून परत यायचं म्हणतोय, पण येऊन करायचं काय? आता तूच उस्ताद झालीस म्हटल्यावर प्रश्नच मिटला. टेम्पो मी चालवेन, ऑर्डरी मी घेईन.

“अन् आपली खोली?” उज्मानं विचारलं.

“खोलीचं का? या महिन्यात सोडून देऊ.”

जानरावनं त्याच्या पाठीवर थाप मारली आणि दोघं तारखांचं बोलत बाहेर गेले. उज्मा काही म्हणाली नाही असं नाही. ती म्हणाली, की मले जायाचं होतं. पण ती हळू बोलणारी मुलगी आणि बाहेर पंगतीचा गलका, त्यामुळे ते फक्त उस्तादांनी ऐकलं.

आधी ती अडकली होती एका म्हाताऱ्याच्या हट्टात. हट्टाला शेवट असतो, म्हातारपणालाही असतो. आता तिला अडकवणारं कुणी वाईट नव्हतं. सगळे खूश होते, सगळ्यांना तिचा अभिमान होता, आणि जोवर तिच्या बोटांना कणी लागत होती तोवर ते तिला कुठं जाऊ देणार नव्हते. तिला आपल्या बोटांचीच भीती वाटली.

ती सासऱ्यांजवळ गेली. ते खुर्चीवर बसले नव्हते, घमेल्यावरच बसले होते, आणि आपण काय करून बसलो ते त्यांच्या लक्षात आलं होतं असं त्यांच्या तोंडावरून दिसत होतं.

“अब्बा,” ती म्हणाली, “मले पास कावून केलं?”

बाहेर दुसरी पंगत बसली होती आणि जानराव भात मागत होता. उज्मानं चावी पदराला बांधली, झारा उचलला आणि तिसऱ्या देगेच्या झाकणाची कणीक फोडली.